भिंतीपलीकडचा गडी

विभावरी मागच्या बागेत आली ती दोरीवरचे कपडे काढायला. आयर्लंडच्या आभाळावर भरवसा ठेवायचा नसतो, एवढं तिला एव्हाना कळलं होतं.

दोन हजार सहा सालातली गोष्ट. नास गावाच्या कडेला, शेतं मोडून नवी वसाहत झाली होती. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी घरं, त्यातली निम्मी अजून रिकामी. नवरा, चारुदत्त, सकाळीच गाडी घेऊन डब्लिनला ऑफिसला जाई. पाच वर्षांची सानिका शाळेत. मग दिवसभर रस्त्यावर चिटपाखरू नसे. दुकान लांब, बस आली तर आली, आणि विभावरीला गाडी चालवता येत नव्हती. लग्नाआधी ती नागपूरला युनिव्हर्सिटीकडून बॅडमिंटन खेळलेली. घरात बसून हातपाय नुसते शिवशिवत.

त्या दुपारी कपडे आत टाकून ती रॅकेट घेऊन बाहेर आली आणि एकटीच शटल उडवत राहिली. वारा आला आणि शटल मागच्या उंच भिंतीपलीकडे गेलं.

"गेलं!" ती हळहळली.

टॉक्.

शटल परत आलं. वाऱ्याविरुद्ध, सरळ, तिच्या रॅकेटवर येऊन पडावं असं. हात आपसूक उचलला गेला, तिनं परतवलं. पुन्हा टॉक्. अंधारून येईपर्यंत दोघींचा, निदान तिला तरी दोघीच वाटल्या, खेळ रंगला.

"थँक यू!" ती ओरडली.

वर जाऊन तिनं खिडकीतून पाहिलं. मागच्या घराच्या काचांवर बिल्डरचं प्लास्टिक तसंच होतं. बागेत नुसता चिखल. कुणी तरी येत असेल घर बघायला, तिनं मनाशी म्हटलं.

पण दुसऱ्या दिवशीही शटल परत आलं. तिसऱ्याही. मग तिला दुसरं काही सुचेना. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरे, फोनवर आईशी बोलताना कान बागेकडे. पाऊस असला की ती खिडकीशी येरझाऱ्या घाली. खेळतानाच तेवढा जिवाला थारा मिळे. पलीकडची तिच्यापेक्षा सरस होती. हल्ली ती फटके आखूड टाकू लागली होती, अगदी भिंतीलगत. ते उचलायला विभावरी रोज थोडी पुढे सरके.

एका शुक्रवारी सानिकाला बारीक ताप होता म्हणून ती घरीच होती. वरच्या खिडकीतून तिनं हाक मारली.

"आई, हू आर यू प्लेइंग विथ?"

"शेजारची मावशी आहे गं!"

"नो... शी इजन्ट प्लेइंग."

विभावरी थांबली. खांदा भिंतीला टेकला होता. "मग काय करतेय?"

"जस्ट स्टँडिंग. हर फेस इज ऑन द वॉल." पोरीनं काचेला बोट लावलं. "राइट बिसाइड यू, आई."

तेवढ्यात शटल परत आलं. टॉक् असा आवाज मात्र झाला नाही. ते हळूच तिच्या पायाशी येऊन पडलं.

ती आत पळाली आणि दाराला कडी घातली. रात्री चारुदत्तनं ऐकून घेतलं, हसला नाही. "एकटी असतेस ना दिवसभर," एवढंच म्हणाला. पण शनिवारी दुपारी साइट ऑफिसातल्या माणसाकडून तो मागच्या घराची किल्ली घेऊन आला. "माणूस म्हणाला, ग्रँड, म्हणजे खुशाल बघून या. वीजसुद्धा जोडलेली नाही तिथे. तू बागेत थांब, मी पलीकडून हाक मारतो. मग तरी पटेल ना?"

तो रस्त्यानं वळसा घालून गेला. सानिका वर झोपली होती. विभावरी बागेत उभी राहिली. ओल्या सिमेंटचा वास येत होता. वारा पडला होता.

"विभा..." भिंतीपलीकडून चारुदत्तची हाक आली.

तिचा जीव भांड्यात पडला. "पोचलास? कुणी आहे का?"

"कुणी नाही. चिखलात पाऊलसुद्धा नाही." मग जरा हळू, "तू कुठे आहेस?"

"इथेच. बागेत."

"ऐकू नाही येऊन राहिलं... जवळ ये."

ती दोन पावलं पुढे गेली आणि थबकली. चारुदत्त सदाशिव पेठेत वाढलेला. 'येऊन राहिलं' म्हटलं की तिला चिडवणारा. त्याच्या तोंडून नागपूरची बोली तिनं कधी ऐकली नव्हती.

तिच्या हातातला मोबाइल वाजला. पडद्यावर नाव होतं, चारुदत्त.

"उचलू नकोस," भिंतीपलीकडचा चारुदत्त म्हणाला. अगदी जवळून. विटेला ओठ लावून बोलावं तसा.

तिनं बटण दाबलं.

"अगं, काय चाललंय?" फोनवर तो वैतागला होता. "मी पुढच्या दाराशी उभा आहे, किल्ली लागत नाहीये. आणि तू आत कशी पोचलीस? 'थांब, उघडते' म्हणालीस ना आत्ता?"

"चारू, आत जाऊ नकोस!" ती किंचाळली. "मी आपल्या बागेत आहे! पळ तिथून!"

तो पळाला. धापा टाकत घरी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. झोपलेल्या सानिकाला उचलून त्यानं उराशी धरलं, ते बराच वेळ सोडलंच नाही. महिना संपायच्या आत त्यांनी डब्लिनजवळ सोर्ड्सला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. तिथे माणसांचा राबता होता, एअरपोर्टच्या विमानांचा गडगडाट होता. विभावरी गाडी शिकली. हॉलमध्ये, दिव्यांखाली, चारचौघींत खेळू लागली.

त्या दुपारबद्दल चारुदत्त अवाक्षर काढत नसे. पुढच्या वर्षी एकदा गाडीत, सानिकाला मागच्या सीटवर झोप लागल्यावर, तो आपणहून बोलला.

"मी मागे फिरलो ना, तेव्हा ते दार उघडलं होतं. बोटभर."

"मग?"

"आतून फोडणीचा वास आला. गरम, आत्ताच घातल्यासारखा." त्यानं आरशातून मागे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "आणि तुझ्या आवाजात कुणीतरी सानिकाला जेवायला हाक मारत होतं... आणि आतून ती 'आले' म्हणाली."