फितीचं दुसरं टोक

घरपट्टीचं बिल आलं की लोक शेवटचा आकडा बघतात, कपाळाला आठ्या घालतात आणि कागद कुठेतरी खोचून ठेवतात. टेलिफोनवाल्या बाईंचं तसं नव्हतं. त्या चष्मा पुसून, ओळीखाली बोट धरून सगळं बिल वाचत. सामान्य कर, पाणीपट्टी, सफाई कर, एकेकाची आदल्या वर्षाशी गाठ घालून बघत. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोनच्या बोर्डावर बसून दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात घालवली होती. आता त्यांचा स्वतःचा फोन आठवड्यातून एकदा वाजे, तोही धाकट्या बहिणीचा. त्यामुळे आपल्या नावाने काहीतरी वाचायला आलं, याचाच त्यांना थोडा आनंद होई. असला आनंद कुणाला सांगण्यासारखा नसतो, म्हणून त्या सांगत नसत.

या वर्षी मात्र घरपट्टी जवळजवळ दुप्पट झाली होती. कारणही बिलातच होतं. 'वापर' या रकान्यात खालच्या दोन खोल्यांपुढे 'मालक स्वतः' असं छापलं होतं आणि वरच्या खोलीपुढे 'भाडेकरू'. भाड्याने दिलेल्या जागेला चढा दर लागतो हे बाईंना ठाऊक होतं. भाडेकरू तेवढा ठाऊक नव्हता.

वरची खोली त्यांनी भाड्याने द्यायलाच बांधली होती. पण डोक्यावर परकी पावलं वाजणार या विचारानेच त्यांना नको झालं आणि खोलीला कुलूप लागलं. गुडघे दुखायला लागल्यापासून तर त्या जिन्याच्या वाटेलाही गेल्या नव्हत्या. घरात त्या अगदी एकट्या. संध्याकाळी रेडिओवरचा माणूस काही सांगू लागला की त्या स्वयंपाकघरातून त्याला 'हं, हं' म्हणत.

बाईंनी बिल पिशवीत घातलं आणि करविभागाची खिडकी गाठली. खिडकीतला कारकून बरा माणूस होता. तुम्ही घरी नव्हतात तेव्हा मोजणीला आलेल्या माणसानेच तशी नोंद केली आहे, असं त्याने संगणकात पाहून सांगितलं. हरकतीचा अर्ज द्या, पुन्हा मोजणी होईल. खोली रिकामी निघाली किंवा तुम्ही तसं लिहून दिलंत, तर कर कमी होईल. मात्र महिनाअखेरच्या आत. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता आणि ऑपरेशन लांबवू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. साठवलेल्या पैशात एक तर डोळा होत होता, नाही तर ही घरपट्टी.

मोजणीदार एका दुपारी आला, घामाघूम आणि एकटाच. जोडीदार रजेवर होता. फीत धरायला दुसरं माणूस लागतंच, म्हणून खालच्या खोल्यांत तिचं टोक बाईंनी भिंतीशी धरलं. "जरा मागे... हं, तिथेच," तो सांगत गेला आणि बाई सरकत गेल्या. कुणीतरी आपल्याला इथे उभ्या राहा, तिथे उभ्या राहा म्हणतंय, याचं त्यांना फार बरं वाटलं. मग त्यांनी त्याला वरची किल्ली दिली आणि चहा टाकला.

वरून त्याचा आवाज येत होता. "धरा. जरा मागे... हं, तिथेच."

आपल्याशीच बोलणारी माणसं असतात. बाई स्वतःही त्यातल्याच होत्या.

खाली येऊन त्याने किल्ली टेबलावर ठेवली. किल्लीची गरजच पडली नाही, म्हणाला.

"रिकामीच आहे ना?" बाईंनी विचारलं.

तो अवघडला. "सामान काही नाही, हे खरं. पण माणूस राहतोय म्हटल्यावर मला लिहावंच लागतं."

"कोण माणूस?"

"अहो, मग फितीचं दुसरं टोक कुणी धरलं?" कपातला चहा त्याने घाईने संपवला. "नाव नाही सांगितलं त्यांनी. हळू बोला एवढंच म्हणाले. खाली बाई दुपारच्या पडलेल्या असतात."

तो गेल्यावर बाईंनी किल्ली उचलली. मग कठड्याला धरून एकेक पायरी वर चढल्या. दाराला कुलूप होतं, गंजलेलं. किल्ली फिरता फिरेना. दार उघडलं तेव्हा आत फक्त धूळ होती. मोजणीदाराच्या बुटांचे ठसे दारापासून अलीकडच्या भिंतीपर्यंत गेले होते आणि तिथूनच परत फिरले होते. पलीकडच्या भिंतीशी धूळ जशीच्या तशी होती.

बाईंनी उंबरा ओलांडला नाही. दार ओढून घेऊन त्या खाली आल्या.

बहिणीचा फोन आला तेव्हा त्यांनी फक्त बिलाचं सांगितलं. ती म्हणाली, ताई, कुणी राहत नाही असं लिहून दे आणि मोकळी हो, डोळ्यापेक्षा का काही जास्त आहे? बाई हो म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या रेडिओ बारीक ठेवू लागल्या. वर कसलाही आवाज नव्हता. पण दुपारी त्यांनी उशीवर डोकं टेकलं की घर आणखी थोडं शांत होई. वर कुणीतरी हातातलं काम थांबवावं, तसं. टेलिफोनच्या तारेवर पलीकडे माणूस गप्प बसलाय की फोन ठेवून गेलाय, हे बाईंना नुसत्या कानाने कळत असे. हे गप्प बसणं होतं.

त्यांना भीती वाटली. आणि बऱ्याच वर्षांनी गाढ झोपही लागली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्या करविभागाच्या खिडकीशी उभ्या होत्या. दुपारच्या सुट्टीची वेळ झाली होती आणि दालन रिकामं झालं होतं. कारकुनाने छापील कागद पुढे सरकवला. बाईंनी ओळीखाली बोट धरलं. वरील जागेत कोणीही राहत नाही.

पेन हातात होतं. सही केली की डोळा होणार होता. स्वच्छ दिसणार होतं सगळं. खालच्या दोन खोल्या, वरची खोली, आणि त्यांत कुणी नाही हेही.

बाईंना एकाएकी रडूच आलं.

"राहतात," त्या म्हणाल्या.

"अहो, तुम्हीच तर हरकत घेतली होती."

"चुकलं माझं."

त्यांनी डोळ्यासाठी ठेवलेलं पाकीट काढलं आणि पैसे पुढे केले. कारकुनाने पावती फाडली, शिक्का मारला. मग त्याने मान वर केली आणि बाईंच्या खांद्यावरून मागे बघत, अगदी सहज, कुणाला तरी म्हणाला,

"यांना जिन्यावरून जरा धरून न्या हो. दिसत नाही त्यांना नीट."

मागे पावलं वाजली नव्हती. कुणी उत्तरही दिलं नाही. कारकुनाने मात्र ऐकल्यासारखी मान हलवली आणि खिडकी लावून घेतली.

बाईंनी वळून पाहिलं नाही. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळा झालेला हात जरासा बाजूला धरला.