लोकांची पायवाट

आमच्या धाकट्याला देवाने तोंड दिलंय ते नुसतं जेवायला! सायकलीचं दुखणं चेन फिरवून ओळखेल, पण स्वतःच्या मनातलं सांग म्हटलं की... मुका.

ती भेटली तीच मुळी याच्या चाकाखाली येता येता. दुरुस्त केलेली सायकल फिरवून बघायला हा आमच्या दुकानासमोरच्या मोकळ्या मैदानात शिरला, आणि उंच गवतातून ती उभी राहिली, हातात नकाशा.

"अहो, रस्ता सोडा!"

"रस्ता? दाखवा कुठाय, नकाशात काढते!"

हा हसला. चक्क दात दिसले.

शहरातली माणसं कुठून चालतात, याचा अभ्यास करून ती डॉक्टर होणार होती. म्हटलं, चालण्यात काय गं शिकायचं?

"काकू, रस्ता बांधतात एकीकडे, माणसं जातात दुसरीकडून. का जातात, तेच शोधते."

मैदानापलीकडच्या बसथांब्यावर ती संध्याकाळभर बसायची. आणि आमचं ध्यान रोज गवत तुडवत तिला चहा नेऊन द्यायचं.

"साखर जास्त झाली का?"

"असू दे... तुम्ही बोलत नाही, तेवढीच गोडी."

वर्ष सरलं तोवर गवतात सरळ वाट पडली. ती हरखून दुकानाशी आली. "ही कोणी पाडली हो?"

मी आतून ऐकत होते. बोल की मेल्या!

"लोकांनी," हा म्हणाला.

तिने ते खरं मानलं, प्रबंधात लिहिलं, नगरपालिकेच्या गळी उतरवलं. ती डॉक्टर होऊन परगावी नोकरीला गेली, इथे वाटेवर फरशी बसली, दिवे लागले. चालायला मात्र कुत्रं नाही.

आज ती बघायला आली. रिकामी फरशी बघून दुकानात शिरली.

"माझं चुकलं कुठे? लोक गेले कुठे?" मग हळूच, "आज घरी एका स्थळाला होकार कळवायचाय... त्याआधी खरं सांगा. ती वाट लोकांचीच होती ना?"

मी सांगू शकले असते. पण घास भरवायचंही एक वय असतं.

याचे कान लाल. नजर चाकाच्या तारांत. "हो... लोकांचीच."

"बरं," ती म्हणाली. त्याच फरशीवरून गेली, एकटी. हा बघत राहिला.

मी बाहेर आले. म्हटलं, "तुझ्या पायांना अक्कल होती रे, तोंडाला नाही. पायांनी तिच्यापर्यंत वाट केलीस, आणि तोंडाने ती लोकांना देऊन टाकलीस. आता त्या वाटेने दुसराच कोणी तिच्यापर्यंत जाईल. तू पंक्चर काढ."