यादीत नसलेला शब्द

जो शब्द कुणी उच्चारलाच नाही, तो आपण कानांनी ऐकला असं एखादी मुलगी शपथेवर सांगेल का? २० ऑगस्ट २०६१ रोजी, शनिवारी सकाळी, अकरा वर्षांच्या शाल्मलीने तसं सांगितलं. तेही ठामपणे.

चुलतबहीण केतकीताईची 'प्रयुक्त' (जिच्यावर प्रयोग होतो ती व्यक्ती) म्हणून ती महाविद्यालयात आली होती. केतकीताई मानसशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिथली रीत अशी, की प्रात्यक्षिकाला प्रयुक्त ज्याने त्याने आणायचा. त्यामुळे धाकटी भावंडं, शेजारी, एकदा तर इस्त्रीवाले काकाही प्रयोगशाळेत हजर झाले होते.

"आईस्क्रीम नक्की ना?"

"आधी प्रयोग, मग लाच," केतकीताई म्हणाली.

शाल्मलीचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. काल शाळेच्या गच्चीवर दुर्बिणीचा आरसा फुटला होता. 'सुजयने ढकलला, मी डोळ्यांनी पाहिलं,' असं तिने वर्गशिक्षक शेखसरांना सांगितलं होतं. आज बारा वाजता सर चंद्रावरच्या तळावरील शास्त्रज्ञांशी बोलणाऱ्या पाच मुलांची नावं पाठवणार होते. त्यातून तिच्या वर्गातल्या सुजयचं नाव गळणार होतं.

प्रयोगशाळेतला यंत्रमानव नोंदक्या एकसुरी आवाजात बारा शब्द वाचू लागला. उशी, गादी, जांभई, पांघरूण, स्वप्न, घोरणे, अंगाई... मग दोन मिनिटं शंभरातून सात-सात वजा करायला लावले. त्यानंतर आठवतील ते शब्द सांगायचे होते. शाल्मलीने नऊ सांगितले.

"आठवा शब्द चूक," नोंदक्या म्हणाला. "यादीत 'झोप' नाही."

"आहे! चौथा की पाचवा. तुझ्याच तोंडून ऐकला. शप्पथ!"

"मला तोंड नाही."

त्याने यादी छापून दिली. तिने दोनदा बोट फिरवलं, कागद उलटा करून पाहिला. ध्वनिमुद्रण ऐकलं. झोप कुठेच नव्हती.

"म्हणजे मी खोटं बोलले?"

"छे! खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असतं," केतकीताई म्हणाली. "आठवण म्हणजे साठवलेलं चित्रण नव्हे. दर वेळी मेंदू तुकडे जोडून ती नव्याने रचतो. उशी, गादी, जांभई ऐकली की 'झोप' मनात आपोआप येते. मग कानांनी ऐकलेलं कोणतं आणि मनात आलेलं कोणतं, यात त्याची गल्लत होते. ही छद्मस्मृती (न घडलेल्या गोष्टीची खरी वाटणारी आठवण). बोधनिक मानसशास्त्रात (विचार, लक्ष, स्मृती यांच्या अभ्यासात) आम्ही हेच शिकतो."

शाल्मलीला शाळेची गच्ची आठवली. काल आधी काय घडलं होतं? ती खाली वाकून वहीत लिहीत होती. खळ्ळ आवाज झाला. ती वळली. सुजय हात पुढे करून उभा होता. मग सगळी मुलं ओरडली, 'यानेच ढकलला!' ढकलताना तिने पाहिलं कधी?

तिने हे अडखळत सांगितलं. शेजारच्या टेबलावरची तिसऱ्या वर्षाची मुलगी वळली. "सगळे एकच बोलले की आपली आठवणही तिकडे झुकते. हा आमच्या सामाजिक मानसशास्त्राचा (माणसांचा एकमेकांवर होणारा परिणाम अभ्यासणाऱ्या शाखेचा) विषय. आणि मेंदूत हे कुठे घडतं, ते जैविक मानसशास्त्र शोधतं. एकच मन, पण दारं अनेक."

पावणेबारा झाले होते. शाल्मलीने सरांना फोन लावला.

"सर, सुजयला आरसा ढकलताना मी पाहिलं नाही."

"काल तर ठाम होतीस."

"काल मला ते दिसत होतं, सर. आत्ताही दिसतंय. पण मी ते पाहिलेलं नाही. तो पडता आरसा धरतही असेल. त्याने काय सांगितलं?"



"त्याला मी विचारलंच नाही," सर म्हणाले. "तू इतकी ठाम होतीस, की गरजच वाटली नाही. यादी थांबवतो. आधी त्याला विचारतो."

शाल्मलीने फोन ठेवला. केतकीताईने प्रयोगवही पुढे केली. शेवटी प्रयुक्ताचं आत्मनिवेदन (प्रयोगात काय वाटलं ते) लिहायचं असतं. शाल्मलीने लिहिलं, 'झोप मला अजून ऐकू येते आहे.'

"मला ती कधीच ऐकू येत नाही," नोंदक्या म्हणाला. "माझ्याकडे बाराच शब्द आहेत."

"मग तुला स्वप्नं पडतात?"

"यादीत तो शब्द आहे. स्वप्नं पडत नाहीत."

शाल्मली केतकीताईकडे वळली. "ताई, इथे शिकायला यायला मला किती वर्षं आहेत?"

"सात. पुढच्या शनिवारी पुन्हा प्रयुक्त हवाय."

"सुजयला विचारते," शाल्मली उठत म्हणाली. "पण आधी त्याची माफी मागू दे."