निळ्या माश्यांचा माग

“थांब! परत उचल!” शेंडेफळ ओरडलं.

कप्तानने मधपेटीची मागची कड पुन्हा धरली. एका हाताने, अलगद! पेटी चांगली बोटभर वर आली.

“मागच्या आठवड्यात दोघांनी जोर लावला तरी ढिम्म हलली नव्हती,” ती पुटपुटली. “मध गेला कुठे?”

कप्तान ही शेंडेफळाची मोठी बहीण. सुट्टीत दोघं आत्याकडे आली होती. आत्या सुतारकाम करायची. शिडीवरून घसरून तिचा घोटा मोडला होता, म्हणून सध्या ती प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून वरच्या खिडकीत बसायची. “यंदा पेटीची हिवाळ्याची तयारी तुम्ही करायची,” तिने पोरांना बजावलं होतं. “थंडीत बाहेर एक फूल मिळत नाही. आतल्या मधावरच माश्या जगतात. तो संपला, की संपलं सगळं!”

आणि आता तोच मध गायब!

“काकांनी खाल्ला,” शेंडेफळाने निकाल दिला. “सकाळी बोटं चाटत होते!”

“तो जॅम होता रे गाढवा!” आत्याचे यजमान, म्हणजे काका, अंगणात आले. “आणि काळजी कसली करताय? पेटीपुढे गर्दी बघा केवढी! जोरात कामाला लागल्यात माश्या. त्यांना हवा मिळावी म्हणून दार अरुंद करणारी लाकडी पट्टी मीच काढून टाकली.”

गर्दी होती खरी. पण कप्तान वाकून बघत राहिली. दारात माश्या एकमेकींना धरून लोळत होत्या. दारापुढच्या फळीवर मेणाचा चुरा पडला होता. काही माश्या पेटीच्या मागच्या फटीतून आत घुसू पाहत होत्या.

“ताई, स्वतःच्या घरात कुणी असं मागून शिरतं का?” शेंडेफळाने विचारलं.

कप्तान ताडकन उभी राहिली. “शाब्बास! या आपल्या माश्याच नाहीत. चोर आहेत!”

“कुणाच्या मग?” कुंपणापलीकडून आवाज आला. ती होती मंजन. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची मुलगी, म्हणून हे नाव. भांडणं सोडली तर तिघांचं छान जमायचं.

“तेच शोधायचंय,” कप्तान म्हणाली. “आत्याची निळ्या खडूची पूड आण रे! लाकडावर रेघ मारायची ती.”

डोक्यावर जाळीची टोपी चढवून कप्तान पेटीशेजारी बसली. पोट भरून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर तिने चाळणीतून चिमूट चिमूट पूड भुरभुरली. माश्या निळ्या झाल्या, जडपणे उडाल्या आणि सरळ कुंपणावरून पलीकडे गेल्या. मंजन त्यांच्यामागे धावली.

“आल्या! निळ्या आल्या!” तिचा आनंदाचा आवाज आला.

दोघं धावत पोचली, तेव्हा मंजन रडवेल्या चेहऱ्याने उभी होती. समोर डॉक्टरांच्या चार मधपेट्या होत्या, आणि निळ्या माश्या त्यांतच शिरत होत्या. बाजूला मध काढून झालेल्या, पोळ्याच्या चिकट चौकटी उघड्यावर पडल्या होत्या. त्यांवरही माश्यांची झुंबड!

“बाबांनी टाकल्या तिथे. फुकटच्या मधाची चटक तिथूनच लागली असणार,” मंजन म्हणाली. “पण ते कबूल करणार नाहीत. ‘माझ्या माश्या म्हणजे शिस्त!’ असं येईल त्या पेशंटला सांगतात.”

“नको सांगायला. तुला ओरडा बसेल,” कप्तान म्हणाली.

मंजनने नाक पुसलं. “तुमच्या माश्या मेल्या तर? मीच बोलते!”

डॉक्टर पेट्यांसमोरच्या व्हरांड्यात पेपर वाचत होते. मंजनने साळसूदपणे विचारलं, “बाबा, माशी आपलीच पेटी बरोबर ओळखते ना हो?”

“अलबत!”

“मग या निळ्या आपल्याच?”

डॉक्टरांनी कौतुकाने पाहिलं. “आपल्याच! फुलांचे पराग लागलेत अंगाला.”

“निळे पराग? कोणत्या फुलाचे?” कप्तानने खडूची पूड पुढे धरली. “आम्हीच रंगवल्यात त्या. आमच्या पेटीच्या दारात!”

डॉक्टरांनी तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

“बाबा, आ मिटा आता,” मंजन म्हणाली, आणि डॉक्टरांनाच हसू फुटलं. “चुकलं माझं,” ते म्हणाले. “काय करू सांगा.”

मग एकच धावपळ उडाली! डॉक्टरांनी उघड्या चौकटी आत नेल्या. काकांनी पट्टी मुकाट्याने परत लावली. दार एका वेळी एकच माशी जाईल एवढं उरलं. शेंडेफळाने फट बुजवली. ओली चादर पेटीवर टाकताच चोर गोंधळले आणि हळूहळू पांगले.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर कप्तानने पेटी उघडली. डॉक्टरांनी मधाने गच्च भरलेल्या चौकटी आणल्या होत्या.

“एक भरलेली, एक रिकामी, अशा लाव. नीटनेटकं दिसेल,” काका म्हणाले.

कप्तानचे हात थबकले. तिने वर खिडकीकडे पाहिलं. आत्या बघत होती, पण बोलली नाही.

“नाही काका,” कप्तान ठामपणे म्हणाली. “थंडीत माश्या एकमेकींना बिलगून बसतात. मध्ये रिकामी चौकट आली, तर ती ओलांडून जाणार नाहीत. मध शेजारी असून उपाशी मरतील!”

तिने माश्यांचा घोळका मधोमध ठेवला. दोन्ही बाजूंना भरलेल्या चौकटी अगदी लगटून लावल्या. रिकाम्या काढून मंजनकडे दिल्या. वर उरलेल्या भरलेल्या चौकटींचा कप्पा आणि त्यावर ऊब राहावी म्हणून भुसा भरलेली उशी ठेवली. पाणी आत साचू नये म्हणून शेंडेफळाने पेटीच्या मागच्या पायांखाली पाचर सारली. झाकण बसलं, तेव्हा कप्तानच्या कपाळावरून घाम निथळत होता.

खिडकीतून टाळ्या वाजल्या.

“मुद्दामच गप्प बसले होते!” आत्या म्हणाली. “मी स्वतः केलं असतं, तर याहून वेगळं काही केलं नसतं. आणि मंजन, आपल्याच घरची चूक बोलून दाखवायला छाती लागते हो!”

मंजन कानापर्यंत लाल झाली. डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर पाहत घसा खाकरला. “म्हणजे... माझ्याही चार पेट्यांची हिवाळ्याची तयारी राहिलीय. तुम्ही जरा सांगाल का—”

“मला काय विचारता?” आत्या हसली. “कप्तानला विचारा!”

थोड्याच वेळात कुंपणाच्या फाटकातून वरात निघाली. पुढे जाळीच्या टोप्या घातलेले तीन जण, छाती काढून. आणि मागे भुशाचं पोतं सावरत काका, अन् पाचरींची टोपली घेतलेले डॉक्टर!

“पाय उचला, काका!” शेंडेफळ म्हणालं. “ऊन उतरायच्या आत चारही व्हायला हव्यात!”