सगळ्यात जवळचा व्हॉल्व्ह

तो मोबाइल उपडा ठेव बघू आधी. गोष्ट नकाशाचीच आहे, पण त्यात डोकं घालून ऐकायची नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा त्याच्या बाबतीत घडलेली आहे ही. हसलात तर अर्ध्यावर उठून जाईन.

आमचं काम पाणीपुरवठ्याच्या नकाशांचं. रस्त्याखाली पाण्याचे व्हॉल्व्ह असतात. पाइप फुटला की सगळ्यात जवळचा बंद करायचा. शहरातले सगळे व्हॉल्व्ह नकाशावर आणले ते आमच्यातल्या सगळ्यात जुन्याने, थोरला म्हणायचो त्याला, गल्ली न् गल्ली पायी तुडवून. त्याची शिस्त होती. व्हॉल्व्हचं झाकण सापडलं की जवळच्या भिंतीवर त्याच्या दिशेने निळा बाण काढायचा, खाली अंतर लिहायचं, मग नकाशावर ठिपका. आणि ठिपका पुसायचा असेल, तर आधी त्या जागी स्वतः जाऊन उभं राहायचं.

थोरला तापाने गेला. दोन वर्षांनी त्याच्या बायकोने आमच्यातल्याच एकाशी, या माझ्या शेजारच्या टेबलावरच्याशी, लग्न केलं. ऑफिसने लगेच त्याचं नाव पाडलं, धाकटा. चेष्टेत हो, पण ते त्याच्या फार मनाला लागलं.

त्यातून जरा काही चुकलं की साहेब म्हणायचे, "थोरला असता तर!" घरी बायको नुसती खिडकीबाहेर बघत बसली, तरी याला वाटायचं, त्याचीच आठवण काढतेय. "मेल्या म्हशीला मणभर दूध," असं पुटपुटत बसायचा. तिच्याशी महिनोन्महिने धड बोलला नव्हता. मत्सर करत होता बिचारा, तोही मेलेल्या माणसाचा. घर तेवढं हट्टाने नवं घेतलं होतं. भिंतीसुद्धा स्वतः रंगवल्या होत्या.

अकरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी पाणी बंद ठेवायचं होतं, म्हणून कुठल्या घराला कुठला व्हॉल्व्ह जवळ, याची यादी काढायला तो एकटाच थांबला होता. काम सोपं असतं. 'जवळचं शोधा' म्हटलं की कॉम्प्युटर प्रत्येक घरापुढे जवळचा व्हॉल्व्ह देतो, अंतर देतो आणि नोंद कुणाची तेही देतो. ओळीच ओळी आल्या. सगळीकडे नोंद थोरल्याची.

मग त्याने स्वतःचं घर शोधलं. चौदा मीटर. नोंद, थोरला.

"माझ्या दारातही तूच का रे?" म्हणाला आणि ठिपका पुसून टाकला. जागेवर न जाता.

पुन्हा यादी काढली. आता पलीकडच्या चौकातला व्हॉल्व्ह यायला हवा होता, साठेक मीटरवरचा.

नऊ मीटर. थोरला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची मेल्यावरही जाईना. धाकट्याने तोही ठिपका पुसला. परत यादी.

चार मीटर.

ठिपका घराच्या आत होता.

त्याने घरी फोन लावला. "अगं... दार लावलंयस ना?"

"अहो, हे काय? बाहेरच्या खोलीतून फोन कसला करताय?"

त्याने फोन कानाशी घट्ट दाबला.

"आत्ताच तर आलात... या की आत."

फोन बंद झाला. समोर आकडा बदलला. त्याने कशालाही हात लावला नव्हता.

एक मीटर.

धाकटा पळत सुटला. घरी पोचला तेव्हा दार नुसतं लोटलेलं. आत अंधार. बायको पलंगावर बसलेली.

"कोण आलं होतं?"

"कोण येणार? पाणी प्यायला उठलात ना आत्ता?" ती अंधारात हसली. असं हसताना त्याने तिला कधी ऐकलं नव्हतं. "किती महिन्यांनी धड बोललात हो माझ्याशी. असंच बोलत जा..."

काय सांगणार तिला? मी नव्हतो म्हणावं, तर ती भीतीने मरेल. मीच होतो म्हणावं, तर...

"बरं," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगितलं. म्हणाला, "भीती नंतर वाटली, दादा. आधी नुसता जळलो."

मग त्याने दिवा लावला.

तिच्या उशाशी, भिंतीवर... निळा बाण. तिच्याकडे वळलेला. खाली आकडा.

शून्य.

तीनदा रंग दिला त्या भिंतीला, तरी बाण वर येतोच. मी स्वतः जाऊन बघून आलोय. म्हटलं, अरे, खरवडून काढ एकदाचा. तर म्हणाला, "पुसायचं तर आधी तिथे उभं राहावं लागतं, दादा... आणि तिथे तो..."



मी बाणाला बोट लावलं. निळा रंग अजून ओला होता.