जिनिंगमधला चंद्र

जैनथ रोडवरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये चंद्र बांधायला अकरा दिवस लागले. नऊ टिप्पर राख, भिंतींना काळा कपडा, खड्डे पाडायला जेसीबी. चांद्रवीराचा पोशाख एका मंडपवाल्यानं ताडपत्रीवर चांदीचा कागद चिकटवून शिवला. चंद्रझेप नावाच्या कंपनीचा माणूस आज दुपारी चंद्रावर उतरणार, असं सगळ्या चॅनेलांवर गाजत होतं. तो माणूस म्हणजे शुभांगीचा धाकटा भाऊ पंकज. बी.एस्सी., चार वर्षं घरी बसलेला.

शुभांगी सरकारी शाळेत विज्ञान शिकवायची. बाप लोकांच्या शेतात राबून मेला, पण लेकरं शिकवून गेला. ते शिक्षण असल्या थोतांडाच्या कामी यावं, हे तिला सोसेना. ती भावाला घरी न्यायला आली होती.

दारात सुधाकरराव उभे. जिनिंगचे मालक, आणि जो पक्ष निवडून येईल त्याचे जुने कार्यकर्ते.

"या मॅडम. भावाचं नाव इतिहासात चाललं."

"खोट्या इतिहासात."

"इतिहास कोन तपासून राह्यलं, बाप्पा?"

"लोक मूर्ख नाहीत."

"नाईतच. पर टाळ्या वाजवाची सवय हाये त्याहिले."

आत चंद्राची वास्तुशांती चालली होती. खोट्या चंद्राला खरा भटजी, खरे मंत्र, खरी नवग्रहांची मांडणी. लुबाडतानाही मुहूर्त चुकवायचा नाही, अशी ही मंडळी. भटजींनी शेवटी राखेतल्या दगडावर नारळ फोडला.

नारळ फुटला. आवाज आला नाही.

पाण्याचे थेंब उडाले आणि सावकाश, गोल राहून खाली आले. कंबरेएवढ्या उंचीवरून अर्ध्या सेकंदात पडायला हवेत, हे ती दरवर्षी आठवीला शिकवायची. दुपटीहून जास्त वेळ लागला. भटजी कानात बोट घालत बाहेर आले. "दडे बसले," एवढंच म्हणाले, आणि दक्षिणेचं विचारायला गेले.

तिनं पंकजला बाजूला ओढलं. "चाल घरी. आत काहीतरी बरोबर नाही. थेंब पाह्यले ना तू?"

"पंखा लावला असन, ताई. तीन मिनटाचं काम हाये, मंग पर्मनंट ऑर्डर. चार वर्षं तुह्या भाकरीवर जगलो. अजून किती?"

त्यानं हेल्मेट चढवलं आणि राखेत उतरला.

त्याच्या कमरेला दोरी होती. ती कप्पीवरून ओढली की तो उडी मारणार, असं ठरलेलं. कॅमेरा सुरू झाला. पंकज उडाला, पुरुषभर वर गेला, हळू उतरला. डायरेक्टर "सूपर, सूपर" पुटपुटत होता.

दोरी ओढायला ठेवलेले दोघं तंबाखू मळत होते. दोरी सैल होती.

"थांबवा," शुभांगी म्हणाली.

"हळू बोला मॅडम, लाइव्ह हाये," सुधाकरराव कुजबुजले.

पंकज उड्या मारत लांब चालला. शेड सगळी ऐंशी फुटांची. तो तिच्या पलीकडे गेला आणि बारीक होत राहिला.

ती राखेत धावली. तीस पावलांवर काळा कपडा, कपड्यामागं विटांची भिंत. तिनं दोरी ओढली. टोक मोकळंच आलं. मे महिन्यात त्यावर दहिवर गोठलं होतं.

"मागच्या दारानं पळालं असन पोरगं," सुधाकरराव म्हणाले.

"मागं दार नाही."

"मंग करून घेऊ एक. तुमी टेन्शन नोका घेऊ."

चार वाजेपर्यंत राख टिप्परमध्ये भरली गेली. कॅमेरे पेटीत गेले, पेटी गाडीत गेली, गाडी हैदराबादला. हे सगळं शुभांगीनं दारात उभं राहून पाहिलं.

ती गावात आली, तेव्हा पंचायतीच्या टीव्हीवर पंकज अजून दिसत होता.

"रेकॉर्डिंग हाये," कुणीतरी सांगितलं. शेजारच्या बयनाबाईनं पडद्याला कुंकू लावलं. पोरं झेंडे नाचवत होती.

पंकज चालत चालत पडद्याच्या अगदी जवळ आला. हेल्मेटच्या काचेमागं त्याचे ओठ हलत होते.

"भाषण देऊन राह्यला," सुधाकरराव म्हणाले. टाळ्या पडल्या.

शुभांगी पुढं सरकली. काचेला आतून त्याच्या श्वासाची वाफ धरत होती, विरत होती, पुन्हा धरत होती. बशीएवढी. मग वाटीच्या तोंडाएवढी. मग रुपयाएवढी.