आधीचा श्वास

दुसऱ्यांचे श्वास कापून मी पोट भरतो. ऐकायला वाईट वाटतं, पण ध्वनिमुद्रणातलं हे अगदी साधं काम आहे. गाणारे, बातम्या वाचणारे, सगळ्यांचेच कापावे लागतात. सॅक्सोफोनवाले तर पंपाने हवा भरावी तसा श्वास घेतात. संगणकाच्या पडद्यावर सुरांची जाड रेघ संपते, मग एक छोटा फुगवटा येतो आणि पुढची रेघ सुरू होते. तो फुगवटा कापायचा आणि तिथे रिकाम्या खोलीचा आवाज भरायचा. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तो मी अर्धं मिनिट घेऊन ठेवतो. कापलेले तुकडे मात्र टाकवत नाहीत. ‘भंगार’ नावाच्या फोल्डरमध्ये जातात. बायको म्हणते, या माणसाकडे तुटक्या चपलेचा अंगठासुद्धा सापडेल.

ती आली ती स्वतःचा पहिला अल्बम करायला. तिशीची, उंच, हातात कोरा करकरीत सॅक्सोफोन आणि सर्दीमुळे रुमाल. सोबत एक जाडजूड पियानोवाला, त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. जॅझच्या सहा रचना, तीन दिवस, रोज सकाळी. ती काचेच्या छोट्या खोलीत एकटी, पियानोवाला मोठ्या खोलीत, आणि मी खिडकीमागे यंत्रांपाशी. काचेच्या खोलीचं दार वीतभर जाड आहे. आत माशी शिरली तरी मला कळते.

चहा पिताना ती अल्बमच्या वेष्टनाचा मजकूर भरत होती. कंपनीने विचारलं होतं, तुमच्या वादनावर कुणाचा प्रभाव आहे? तिने लिहिलं, आईचं शिवणयंत्र, घरासमोरचा छापखाना, भिंतीपलीकडच्या रेडिओवरची अर्धवट गाणी.

“आणि मामा?” पियानोवाल्याने विचारलं.

“मामा नाही.”

पियानोवाल्याने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मग तिनेच मला सांगितलं. मामा चाळीस वर्षं एका हॉटेलच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. त्याचं एकही रेकॉर्ड निघालं नाही. ती नऊ वर्षांची असल्यापासून त्याने तिला शिकवलं. आठ महिन्यांपूर्वी तो गेला. त्याचं वाद्य आईने देऊ केलं तर हिने घेतलं नाही, नवं आणलं.

“जीव होता त्याचा माझ्यावर, काका,” ती म्हणाली. “पण मी वाजवलं की लोक डोळे मिटून म्हणतात, अगदी मामा. आता एकदा तरी कुणीतरी विचारावं, ही कोण वाजवतेय? एवढ्यासाठी चाललंय सगळं.”

मला ती आवडली. हट्टी माणसं मला आवडतात.

पहिली रचना झकास झाली. ती पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा मी हेडफोन लावून परत ऐकली आणि कपाळाला आठ्या पडल्या. प्रत्येक जागी श्वास दोन होते. पहिला छोटा, कोरडा. त्याच्या पाठोपाठ दुसरा, लांब, शेवटी नाकात बारीक शिट्टी वाजणारा. माणूस लागोपाठ दोनदा श्वास आत घेत नाही, मध्ये सोडावा लागतो. मी माइक बदलला, तारा बदलल्या, सकाळचं रिकाम्या खोलीचं अर्धं मिनिट तपासलं. त्यात काही नव्हतं.

ती आली तेव्हा मी सांगितलं, दोन दोन श्वास येताहेत. ती खुर्चीत बसली. मी हेडफोन पुढे केला, तो तिने घेतला नाही.

“मला ऐकायचा नाहीये,” ती म्हणाली. रुमालाची घडी घालत, उलगडत राहिली. “मामा शिकवताना माझ्या मागे उभा राहायचा. श्वास कुठे घ्यायचा हे त्याने कधी तोंडाने सांगितलं नाही. तो घ्यायचा. त्याचा ऐकला की मी घ्यायची. आधी तो, मग मी. वीस वर्षं.”

“खोलीत तुझ्याशिवाय कुणी नाही,” मी म्हणालो.

“माहितीये. त्याचा काढाल ना?”

“निघेल.”

त्या दोनांतला कोणता काढू, हे मी विचारायला हवं होतं. पण सत्तावीस वर्षं हेच करणाऱ्या माणसाने कालच्या पोरीला काय विचारायचं? आधी तो, मग ती. शिट्टीचं म्हणाल तर तिला सर्दी झालेली दिसतच होती. दुपारी ती गेल्यावर मी कात्री चालवली. प्रत्येक जोडीतला पहिला कापला, भंगारात टाकला.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात रुमाल नव्हता. शिट्टी होती. मी तिकडे लक्ष दिलं नाही, कारण वादन फारच चांगलं होत होतं. काल चार सेकंदांत संपणारी सुरांची वाक्यं आज दहा-दहा सेकंद चालली होती.

“अगं, श्वास घेत जा मधे,” पियानोवाला वैतागून म्हणाला. “तू थांबलीस की मी शिरणार ना? की मी नुसता बसून राहू, फोटोत बसल्यासारखा?”

ती हसली. “दम वाढलाय आज.”

त्या दिवसाच्या जोड्यांमधले पहिले श्वास फारच लहान होते. कापायला सोपे गेले.

तिसऱ्या दिवशी शेवटची रचना होती, तिची एकटीची, पियानोशिवाय. पियानोवाला माझ्या शेजारी येऊन बसला. तिने सुरुवात केली आणि दोन मिनिटांनी तो बोलायचा थांबला. चार मिनिटांनी त्याने माझा दंड धरला. मी तिच्या खांद्यांकडे बघत होतो. ते एकदाही वर झाले नाहीत. सूर थांबत होता, हवा तेवढा वेळ शांत राहत होता, पुन्हा सुरू होत होता. सात मिनिटं चाळीस सेकंद. पडद्यावर एकही फुगवटा नव्हता.

ती बाहेर आली. धाप नाही, घाम नाही.

“आज तो नव्हता ना?” तिने विचारलं. “मला वाटलंच. एकदाही नव्हता.”

“नव्हता,” मी म्हणालो. तूही नव्हतीस, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी भ्यालो, असंच म्हणायला हवं. पियानोवाला त्या दिवशी विनोद न करता गेला.

अल्बम तयार झाल्यावर तिची आई एकटीच ऐकायला आली. साधी बाई, बोटांना शिंप्याचा खडू लागलेला. “ती म्हणाली, तूच जाऊन ऐक. एकुलती एक ना, माझ्या तोंडून कौतुक ऐकायला लाजते,” असं म्हणत माझ्या खुर्चीत बसली. मी हेडफोन लावून दिला. पहिल्या रचनेतच तिचे डोळे भरून आले.

“दादाच,” ती म्हणाली.

“नाही, ताई. त्यांचे श्वास मी सगळे काढलेत.”

“अहो, ही शिट्टी ऐका ना. लहानपणी झोक्यावरून पडला होता, नाकाचं हाड वाकडं झालं. एका खोलीत झोपायचो आम्ही. ही मला कळणार नाही?” तिने पुढचं ऐकलं, आणखी पुढचं ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “पण माझी पोर कुठाय यात?”

मी तिला समजावलं. आधीचा मामाचा, नंतरचा हिचा. आधीचा काढला.



“गेले आठ महिने घरात तिचं एकच चाललं होतं,” ती म्हणाली. “दिवसभर तालीम करायची आणि म्हणायची, आई, आता मी मामाच्या आधी श्वास घेणार.”



“घरी कशी आहे ती?” मी विचारलं.

“बरी आहे. सर्दीबिर्दी सगळं गेलं. झोपते तर इतकी शांत, की मीच दोनदा उठून बघून येते.”

आई गेल्यावर मी भंगार उघडलं. या अल्बमचे एकशे चौदा तुकडे. ओळीने लावून ऐकले. एका तरुण बाईचे श्वास, घाईघाईने, कुणाच्या तरी पुढे धावत घेतलेले. एकेक करत लहान होत गेले. शेवटचा तर नुसता ओठ उघडल्याचा आवाज होता.

मी तिला फोन केला.

“मोठी चूक झालीय माझ्याकडून,” मी म्हणालो. “तुझेच कापले गेलेत. पण सगळे जपून ठेवलेत मी. परत बसवतो. कंपनीला आठ दिवस थांबायला सांगतो.”

“राहू द्या,” ती म्हणाली. आवाज तिचाच होता. “छान झालंय. इतकी वर्षं वाट बघितली, आता कशाला थांबायचं?”

“इतकी वर्षं?”

“फक्त त्या प्रभावाच्या कागदावर एक नाव राहिलंय. घालाल?”

“मामाचं?” मी विचारलं.

पलीकडून श्वास घेतल्याचा आवाज आला, लांब, आणि शेवटी नाकात बारीक शिट्टी वाजली.

“भाचीचं,” ती म्हणाली.